‘नुक्कड’ नेपल्सच्या गल्लीत

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, लहानपणीची एखादी मालिका उचलून दुसऱ्या देशात ठेवायची तर कोणती ठेवशील? दूरदर्शनवरची ‘नुक्कड’, नाक्यावर जमणाऱ्या गरीब माणसांची ती मालिका, हे नाव तोंडून लगेच निघालं, पण देश काही सुचेना. चार दिवस तेच डोक्यात घोळतंय. आता जागा सापडली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी मनातल्या मनात लंडन करून बघितलं. तिथे नाका आहे, पण पाऊस आणि थंडी माणसाला पबात ढकलतात आणि पबात बसायचं तर खिशात पैसे हवेत. मग घनशू भिकाऱ्याने कुठे बसायचं? तिथेच मला उलगडलं की कुंदन शहा आणि सईद मिर्झा या दिग्दर्शकांनी १९८६ साली उभा केलेला तो मुंबईचा नाका कशावर उभा होता. ज्याला खोलीत पाय पसरायला जागा नाही, त्याची बैठकीची खोली म्हणजे तो नाका. तेव्हा घरं लहान, उन्हाळा मोठा आणि माणसं बोलकी, असं गाव शोधायला हवं होतं.

ते गाव म्हणजे इटलीतलं नेपल्स. तिथल्या जुन्या वस्तीत ‘बासो’ नावाची घरं असतात. तळमजल्यावर एकच खोली, तिचं दार थेट गल्लीत उघडणारं, उजेड आणि वारा यायचा तो बहुतेक त्या दारातूनच. त्यामुळे खुर्ची दाराबाहेर, भाजी निवडणं दाराबाहेर आणि भांडणही दाराबाहेर. वरच्या मजल्यांवरच्या बायका दोरीला बांधलेली टोपली खाली सोडतात आणि सामान वर ओढून घेतात. आपल्या टीचरजी अशाच एका तिसऱ्या मजल्यावर राहतील. मुलांच्या तपासलेल्या वह्या टोपलीतून खाली येतील आणि ती टोपली धरायला आपला वायरमन गुरू दर वेळी नेमका खाली असेल.

काळ तोच ठेवू, १९८६-८७. सहा वर्षांपूर्वी, नोव्हेंबर १९८० मध्ये, त्या भागात मोठा भूकंप झाला होता. नेपल्समध्येही कितीतरी कुटुंबं बेघर झाली आणि कित्येक गल्ल्यांत भिंतींना टेकू लावून ठेवले होते. घनशूचं घर त्यातच गेलं, असं मी धरतो. हरी सायकलींऐवजी व्हेस्पा दुरुस्त करेल. तिथले चढउतार आणि काळ्या दगडाची फरसबंदी बघता पंक्चरला तोटा नाही.

गुरूला तर वायरिंगपेक्षा मोठं काम मिळतं. तिथे गल्लीच्या कोपऱ्याकोपऱ्यावर भिंतीत मेरीमातेची छोटी देवळी असते. १८व्या शतकात एका धर्मगुरूने या देवळ्यांपुढे दिवे लावायला लोकांना उद्युक्त केलं आणि अंधाऱ्या गल्ल्यांत त्या भक्तीमुळेच रात्रीचा उजेड आला. आता तिथे बल्ब असतो. तो गेला की बदलायचं काम गुरूचं, आणि त्याचे पैसे तो घेणार नाही.

एक गोष्ट मात्र हातची जाते आणि ती मला फार लागते. आपल्या नाक्यावर कादरभाई आणि हरी एकाच बाकावर बसायचे आणि त्यात काही विशेष आहे असं कुणी म्हणायचं नाही. त्या गल्लीत जवळपास सगळे एकाच धर्माचे. मालिकेचा तो श्वास तिथे नेता येत नाही, त्याला मला पर्याय सापडलेला नाही.

पण खोपडी! मित्रा, आपला सदा प्यायलेला खोपडी तर तिथलाच वाटतो. नेपल्समध्ये स्वप्नांवरून लॉटरीचे आकडे काढायची जुनी रीत आहे. १ ते ९० प्रत्येक आकड्याला अर्थ ठरलेला. ४७ म्हणजे मेलेला माणूस, ९० म्हणजे भीती. आणि १४ म्हणजे दारुडा! खोपडी कुणाच्या स्वप्नात आला की सकाळी सगळी गल्ली १४वर पैसे लावणार. नट समीर खक्करने त्याला ज्या मायेने उभा केला होता, ती आठवून बघ. लोक त्याच्यावर पैसे लावतात हे कळल्यावर तो कसा ताठ चालायचा प्रयत्न करेल!

कादरभाईच्या हॉटेलची उधारीची वही तिथे लागणार नाही. नेपल्समध्ये गिऱ्हाईक कधीकधी एक कॉफी पितं आणि पैसे दोनचे देतं. दुसरी राखून ठेवलेली, पुढे ज्याच्याकडे पैसे नसतील त्याच्यासाठी. घ्यायला येणाऱ्याने फक्त विचारायचं, ‘एखादी ठेवलेली आहे का?’ देणाऱ्याला घेणारा माहीत नसतो. घनशू वर्षभर अशाच कॉफीवर सकाळ काढतो.

शेवटचा भाग १० मे १९८७चा. त्या दिवशी मॅराडोनाच्या नापोलीने, म्हणजे नेपल्सच्या फुटबॉल संघाने, पहिल्यांदा इटलीची लीग जिंकली. गुरूने दुरुस्त केलेला रेडिओ बासोच्या दारात खुर्चीवर ठेवलाय, भोवती सगळा नाका. सामना संपतो आणि क्षणात गल्ली रिकामी होते, माणसं मोठ्या रस्त्याकडे धावतात. खोपडीला हरी खांद्यावर घेऊन जातो. कादरभाई एकटाच मागे कप विसळतोय. तेवढ्यात घनशू आत येतो, खिशातली लिराची चिल्लर काउंटरवर ओततो, एकेक नाणं बोटाने सरकवत मोजतो आणि दोन कॉफींचे पैसे देतो.

एकच पितो.

तुझ्या मनात दुसरं गाव असेल तर सविस्तर लिही. टीचरजींचं आणखी काय करायचं तेही कळव, तिथे मी अडलोय.

तुझाच