ऑर्हूसहून आई-बाबांना

ऑर्हूस, डेन्मार्क
नोव्हेंबरअखेर

ति. आई-बाबांस,
सा. न.

पत्राला उशीर झाला, पण काळजीचं काही नाही. तब्येत उत्तम आहे, दोन्ही वेळचं जेवण होतं. आई, व्हिडिओ कॉलवर मी फिकट दिसते ती इथल्या उजेडामुळे. सध्या चारच्या आतच सूर्य मावळतो आणि डिसेंबरात तर दिवस जेमतेम ७ तासांचा. आजारी पडलीस तर कोण बघणार, हे तू दर वेळी विचारतेस म्हणून पुन्हा लिहिते: माझ्या नावाचं पिवळं आरोग्यकार्ड आहे, डॉक्टर ठरलेले आहेत, तपासणीचे पैसे लागत नाहीत. ऑफिसचं तुम्हाला सगळं ठाऊक आहे, ते सोडून देते.

बाबा, मी बंदरावर राहते म्हणजे ओसाड जागी राहते असं नाही. इथे पूर्वी कंटेनरचा धक्का होता. मालाची ये-जा दुसऱ्या बाजूला हलवली आणि मोकळ्या जागेत घरं उठली, अजून उठताहेत. २०१८मध्ये बंदराच्या पाण्यातच पोहायचे तलाव बांधलेत, तेही फुकट, आणि उन्हाळ्यात तिथे जीवरक्षक असतात. थंडीतही लोक त्या बर्फगार पाण्यात उतरतात. मी उतरत नाही, निश्चिंत राहा.

एकटीला संध्याकाळ खायला उठत असेल असं तुम्हाला वाटतं. तसं होऊ नये याची सोय या गावानेच केलीय. बंदरालगत डॉक-वन नावाचं मोठं ग्रंथालय आहे, २०१५चं. तिथे कुणीही बसावं, कितीही वेळ. जिन्यावर छतापासून एक लांबलचक, नळीसारखी धातूची घंटा टांगलीय. इस्पितळात बाळ जन्मलं की आईवडील तिकडे बटण दाबतात आणि इकडे ती घंटा वाजते. परवा मी खिडकीशी बसले होते, तेव्हा वाजली. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी पेपर खाली केला, माझ्याकडे बघून हसले आणि पुन्हा वाचायला लागले. बाबा, तुम्हाला आवडेल असं संगीतगृहही आहे. त्याच्या दर्शनी दालनात शनिवार-रविवारी फुकट मैफली होतात, लोक डब्बल कोट घालून येतात आणि चिडीचूप ऐकतात. तुम्ही शेजारी असायला हवं होतं, असं तिथे दर वेळी वाटतं.

आता आजीला सांगा, पण हळूहळू सांगा. इथे तान्ही बाळं दुपारी घराबाहेर झोपवतात. थंडीतसुद्धा! पहिल्यांदा एका कॉफीच्या दुकानाबाहेर बाबागाड्या ओळीने उभ्या दिसल्या तेव्हा मला त्या रिकाम्या वाटल्या. वाकून बघितलं तर आत बाळं गाढ झोपलेली, आणि आया आत काचेपलीकडे. गाड्या आपल्याकडच्यासारख्या हलक्या नसतात. मोठी चाकं, खोल पाळण्यासारखी पेटी, आत लोकरीचे कपडे, कानटोपी आणि पिसांची दुलई. वर छत्र, त्यामुळे वारा लागत नाही. आवाज ऐकू यावा म्हणून छोटं यंत्र उशाशी ठेवतात. पाळणाघरांतही असंच झोपवतात. मोकळ्या हवेत मूल जास्त वेळ आणि शांत झोपतं, असा सगळ्यांचा ठाम विश्वास आहे. ऑफिसमधल्या मैत्रिणीचं बाळ बघायला गेले तर तिने मला थेट अंगणात नेलं. बाळाच्या मानेमागे दोन बोटं घालून बघ म्हणाली. ऊब तिथे कळते. मान खरंच छान गरम होती, नाकाचा शेंडा तेवढा गार. शेक-शेगडीत वाढलेल्या आपल्याला हे पटायला वेळ लागतो. पण निष्काळजीपणा म्हणू नका, फार जपतात ही माणसं.

बाबांच्या मोतीबिंदूच्या वेळी मावशीने सगळं केलं, मनूने मला सांगितलं. इथून ड्रॉपची वेळ फोनवर आठवून देणं वेगळं आणि उशाशी बसून ते घालणं वेगळं, हे मला कळतं. पण तेव्हा रजा मिळण्यासारखी नव्हतीच, मी विचारलं होतं. मावशीसाठी साडी घ्या, पैसे मी पाठवलेत.

घराच्या कर्जाचा हप्ता या महिन्यापासून माझ्या खात्यातून जाईल, बाबांनी आता पेन्शनला हात लावायचा नाही. आणि एक, करार आणखी २ वर्षं वाढवून देताहेत. मी हो म्हटलंय. रागावू नका. कर्ज फिटेपर्यंत हे गरजेचं आहे आणि मी इथे खरंच बरी आहे. मनूच्या लग्नाला येणार म्हणजे येणारच, मात्र हळद ते सत्यनारायण एवढीच रजा मिळेल, आधीच्या खरेदीला मनूबरोबर मला जाता येणार नाही. शालू तिच्या आवडीचा घ्या, किंमत बघू नका. पुण्याच्या त्या स्थळाबद्दल आई तू विचारलं होतंस. पत्रिका जुळली म्हणून शब्द देऊन टाकू नकोस. लग्नाला आले की मी त्यांना भेटेन, इथे काही वर्षं राहायची तयारी आहे का ते स्वतः विचारेन, मग ठरवू. मी टाळत नाहीये. कार्यालयाचा ॲडव्हान्स पंधरवड्यात भरून टाका आणि पावती मनूकडे द्या, पावतीचा फोटो मला पाठवायला सांगा.

तुमची,
सुमी