घोट्याचा आकडा फसवा असू शकतो

महोदय,

माझ्या मुलीला ९व्या वर्षी टाइप १ मधुमेह झाला. आज ती २६ वर्षांची आहे. एवढी वर्षं आमचं सगळं लक्ष साखरेवर आणि इन्सुलिनवर. गेल्या महिन्यात पाय मुरगळला म्हणून एक्स-रे काढला, तर घोट्याजवळची धमनी हाडासारखी पांढरी दिसली. धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचलं आहे, असं डॉक्टर म्हणाले. पोटात धस्स झालं.

त्याआधी एका शिबिरात दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजून 'रक्तप्रवाह उत्तम' असा शेरा मिळाला होता. पण कडक झालेली धमनी पट्ट्याने दाबली जात नाही, म्हणून आकडा जास्त येतो. घोटा-दंड प्रमाण, म्हणजे घोट्याचा दाब भागिले दंडाचा दाब, १.४ च्या वर गेलं, तर निर्धास्त न होता पायाच्या अंगठ्याचा दाब मोजायला हवा.

यामागे पुष्कळदा मूत्रपिंड असतं. ते थकलं की फॉस्फेट साचतं, ड जीवनसत्त्व आणि पॅराथायरॉइडचा (कॅल्शियम सांभाळणाऱ्या गळ्यातल्या ग्रंथींचा) तोल जातो, धमनीतल्या स्नायूपेशी हाडाच्या पेशींसारख्या वागू लागतात. वाढलेली साखरही त्यात भर घालते. (रंकाळ्यावर भेटणारे कितीतरी जण मनानेच कॅल्शियमच्या गोळ्या घेतात, त्यांनीही आधी डॉक्टरांना विचारावं.)

आपल्या पेठांमधली तालीम मंडळं आरोग्य शिबिरं मनापासून भरवतात. त्यांना विनंती, मधुमेहींसाठी साखरेबरोबर मूत्रपिंडाची स्थिती सांगणारं लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन आणि रक्तातलं क्रिएटिनिनही तपासा. टाइप १ ला पाच वर्षं झालेल्यांची ही तपासणी दरवर्षी व्हायलाच हवी.

– एक आई, मंगळवार पेठ, कोल्हापूर