किंमत आधी सांग

अंबाजोगाई

प्रिय दत्ता,

तुझं पत्र पोचलं. गायरानावरचं उभं सोयाबीन ट्रॅक्टर घालून मोडलं, वर जातीवरून शिव्या, आणि आता ते घर ठाण्यात जायचं म्हणतंय. केस टिकेल का, असं तू विचारलंस. माझ्या मते केसच्या बरोबरीनं घर टिकेल का, तेही विचार. अट्रॉसिटीची, म्हणजे अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालची फिर्याद अर्ध्या दिवसात लिहून होते, पण तिची किंमत गावात कित्येक वर्षं भरावी लागते. कार्यकर्ते ही किंमत बहुधा सांगत नाहीत. हिंमत द्यायच्या नादात हिशेब राहून जातो, आणि सहा महिन्यांनी साक्षीदार फुटला की त्यालाच नावं ठेवतात.

तरी उशीर करू नका. घटना आणि फिर्याद यांत चार दिवस गेले की बचावाचा वकील पहिलं बोट तिथंच ठेवतो. फिर्यादीत ‘जातिवाचक शिवीगाळ केली’ एवढं मोघम लिहू देऊ नकोस. कोण, कोणते शब्द, कुठे उभा राहून बोलला, आणि घरच्यांशिवाय ते ऐकायला कोण होतं, हे सगळं जसंच्या तसं लिहून घ्या. त्या कायद्याचं कलम ३(१)(आर) आणि (एस), म्हणजे जातिवाचक अपमानाची कलमं, लागायला अपमान लोकांसमोर झालेला असावा लागतो. चार भिंतींच्या आतलं बोलणं त्यात बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितलं आहे. पिकाची नासधूस (जी) मध्ये येते, ते कलम आग्रहानं मागा. सही करण्याआधी फिर्याद वाचून दाखवणं कलम ४ प्रमाणे पोलिसांचं कर्तव्य आहे, आणि प्रत फुकट मिळते. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या एका पावसात जातात, म्हणून फोटो त्याच दिवशी काढा आणि पंचनाम्याला पंच गावाबाहेरचे मागा. गावातला पंच उद्या त्याच ट्रॅक्टरवाल्याकडे पेरणीला ट्रॅक्टर मागणार आहे, तो कोर्टात काय बोलेल? फिर्याद देणाऱ्याचा जातीचा दाखला लागेल, आणि आरोपी अनुसूचित जाती-जमातीचा नाही हे दाखवायला त्याच्या शाळेचा उतारा तपासात जोडून घ्या.

आता गायरानाचं. १९९१ च्या २८ नोव्हेंबरच्या शासन निर्णयात १४ एप्रिल १९९० पूर्वीची दलित-आदिवासींची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. बीड भागात एकनाथ आवाडांच्या मानवी हक्क अभियानाने हाच प्रश्न लावून धरला होता. पण २०११ मध्ये आधी गावच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढायला सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा जगपालसिंग निकाल आणि मग जुलैचा तसाच शासन निर्णय आला, आणि वारं फिरलं. त्यामुळे फिर्याद झाली की ‘गायरान मोकळं करा’ असा अर्ज तहसीलला जाणार, हे धरूनच चाल. अतिक्रमण नोंदवहीचा, म्हणजे गाव नमुना १-ई चा उतारा, दंडाच्या जुन्या पावत्या, पूर्वीचे पंचनामे, जे असेल ते आधी हातात घे आणि झेरॉक्स गावाबाहेर ठेव. अतिक्रमण काढायचंच झालं तर तो अधिकार महसूल खात्याचा आहे, ट्रॅक्टरवाल्याचा नाही.

त्याच रात्री उलट फिर्यादही येते. बहुतेक वेळा गळ्यातली पोत ओढली, नाहीतर बाईचा हात धरला. घरातले कमावते पुरुष त्यात अडकतात, आणि खरा पैसा इथं जातो: वकील, जामीन, हजेरी. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून अनुसूचित जातीच्या माणसाला उत्पन्न न बघता वकील मिळतो, हे त्यांना माहीत नसेल तर ते शेळ्या विकतील. शेळ्या म्हणजे त्या घराची बँक. ती पहिल्याच महिन्यात मोडू देऊ नकोस.

गावातली किंमत बारीक बारीक वसूल होते. बायांना खुरपणीला बोलावणं थांबतं. किराणावाला उधारी बंद करतो, वर जुनी बाकी एकदम मागतो. गिरणीत ‘पट्टा तुटलाय’. बांधावरून शेरडं जाऊ देत नाहीत, चारा मिळत नाही. पाच माणसांच्या घराला महिन्याला पन्नासेक किलो धान्य दळायला लागतं; ते शेजारच्या गावी न्यायचं तर दर खेपेला एकीचा अर्धा रोज बुडतो. सगळ्यात जास्त भार बायांवर पडतो, कारण पाणी, सरपण, दळण तिन्ही त्यांच्याकडेच. म्हणून फिर्यादीला जाण्याआधी घरातल्या बाईला एकटीला विचार, तिची तयारी आहे का. ती ‘नाही’ म्हणाली तर बैठकीतल्या घोषणांचा काही उपयोग नाही.

बहिष्कार हा त्याच कलमात, ३(१)(झेडसी) खाली, वेगळा गुन्हा आहे. पण बहिष्कार कोणी कागदावर लिहून टाकत नाही, त्यामुळे तो सिद्ध करणं अवघड. एक वही घाला. तारीख, वेळ, कोणी काय नाकारलं, त्या वेळी तिथं कोण होतं. आपलं दळण परत आलं की पाठोपाठ दुसऱ्या घरच्या माणसाला त्याच गिरणीत पाठवा. त्याचं दळलं गेलं की तो साक्षीदार झाला. त्या नोंदींवर दर आठवड्याला पोलीस अधीक्षक आणि तहसीलदारांना अर्ज द्या, पोच घ्या.

कायद्याने किंमतीतला थोडा भाग भरून द्यायची सोय केली आहे, आणि तीच कोणी मागत नाही. या कायद्याच्या नियम १२(४) प्रमाणे पीडिताला सरकारी मदत सात दिवसांत सुरू व्हायला हवी. (आर)-(एस) साठी २०१६ च्या नियमांत एक लाख ठरलेत: पाव भाग गुन्हा नोंदल्यावर, निम्मे दोषारोपपत्रावर, उरलेले शिक्षा झाल्यावर. नियम ११ मध्ये फिर्यादी-साक्षीदाराचं प्रवासभाडं आणि किमान वेतनाइतका भत्ता आहे, तोही तीन दिवसांत. एसटीची तिकिटं फेकू नका, वहीला टाचा. कलम १५-अ प्रमाणे जामिनाच्या सुनावणीची नोटीस पीडिताला मिळालीच पाहिजे. त्या तारखेला नक्की जा. बाकी प्रत्येक तारखेला जायची गरज नाही, खटला सरकार चालवतं. उगाच मजुरी बुडवून कोर्टाच्या ओट्यावर बसल्याने काही हलत नाही. कायद्यात दोषारोपपत्रापासून दोन महिन्यांत निकाल म्हटलंय. त्यावर विसंबून कोणाला तारीख सांगू नकोस.

आणि ऊसतोड. दसरा-दिवाळीनंतर ते जोडपं कोयत्यावर जाणार, उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मुकादमाकडून घेतलेली. समन्स घरी येतं, ‘मिळून आला नाही’ म्हणून परत जातं, मग वॉरंट. जाण्याआधी कारखान्याचं नाव, टोळीचा पत्ता आणि मोबाईल नंबर लिहून सरकारी वकील आणि ठाणे दोघांना द्या. शक्य असेल तर यंदा उचल दुसऱ्या मुकादमाची घ्यायला लाव. गावचाच मुकादम असला की ‘केस मिटव, नाहीतर पैसे आत्ता ठेव’ हे ठरलेलंच, आणि बहुतेक तडजोडी तिथंच होतात. न्यायालयाला त्याचा पत्ताही लागत नाही.

तू मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याच्या, म्हणजे नामांतराच्या लढ्याचा दाखला दिलास म्हणून एवढंच. ठराव २७ जुलै १९७८ ला मुंबईत झाला आणि ऑगस्टमध्ये नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे मारले गेले. विद्यापीठाची पायरी न चढलेल्या लोकांची घरं जळाली. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतलं, आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. आपण दरवर्षी विद्यापीठाच्या गेटवर जातो ते या हिशेबावर. पण त्या घराला हे ऐकवून भरीस घालू नकोस. त्यांना आधी वर लिहिलेला खर्च सांग, मग त्यांचं त्यांना ठरवू दे. त्यांनी नको म्हटलं तरी पडलेल्या पिकाचे फोटो आणि दंडाच्या पावत्या सांभाळायला सांग.

हो म्हणाले तर चार महिन्यांच्या धान्याची जुळवाजुळव तू कर, फिर्यादीचा मसुदा मी बघतो. शिव्या जशाच्या तशा लिहून पाठव, लाजू नकोस.

तुझा,
वसंता