बाईच्या लसीचे पैसे कोणी भरायचे? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

मी लसीकरण कक्षात काम करणारी परिचारिका. हिपॅटायटिस बी या यकृताच्या आजारावरच्या लसीचा विषय निघाला की बैठकीत कोणीतरी हमखास म्हणते, मोठ्या बायकांकडून या लसीला मागणीच नाही. पदरचे पैसे घालून कोणी घेत नाही, म्हणजे त्यांना ती नकोच असणार. हे खरे नाही, आणि यावरून धोरण ठरत असेल तर मला त्याची फार काळजी वाटते.

तोंडावर नकार देणारी बाई क्वचित भेटते. शंका विचारणाऱ्या मात्र पुष्कळ. पाळीवर परिणाम होईल का? पुढे मूल राहायला अडचण येईल का? अंगावर पाजते, तर चालेल का? पाच मिनिटे नीट बोलले की बहुतेकींचे समाधान होते. या लसीत जिवंत विषाणू नसतो, त्याच्या बाहेरच्या आवरणातले एक प्रथिन असते. गरोदर बाईला आणि अंगावर पाजणाऱ्या आईलाही ती देता येते. बाई मान डोलावते. मग विचारते, ‘किती इंजेक्शनं?’ मी सांगते, तीन. एक आज, दुसरे महिन्याने, तिसरे सहा महिन्यांनी. ‘आणि पैसे?’ त्याचे उत्तर ऐकले की ती मांडीवरच्या बाळाकडे बघते. ‘याचं सगळं झालंय ना? मग माझं राहू दे.’ मी लिहून दिलेली चिठ्ठी बाळाच्या लसीकरण कार्डात घडी होऊन जाते.

हीच बाई बाळाच्या लसीसाठी उसने पैसे आणेल. स्वतःवरचा खर्च मात्र तिच्या हिशेबात सगळ्यात शेवटी येतो. तेव्हा ‘या लसीसाठी किती पैसे द्याल?’ असे विचारून तिची इच्छा मोजता येत नाही. मोजले जाते ते एवढेच, की घरातला पैसा तिच्या हातात किती आहे.

दुसरी अडचण याहून नाजूक आहे. हा आजार रक्तातून पसरतो, आईकडून बाळाला होतो, तसाच शरीरसंबंधातूनही होतो. घरी पैसे मागायचे तर कारण सांगावे लागते, आणि कारण सांगितले की प्रश्न येतो, ‘तुला कशाला हवी ती लस?’ संशय तिच्यावर तरी येतो, नाहीतर तिने नवऱ्यावर घेतला असा अर्थ निघतो. भांडण नको म्हणून ती विषयच काढत नाही. फुकट लस तपासणीच्या ठिकाणीच सगळ्यांना मिळाली, तर तिला कोणाला कारण सांगावे लागणार नाही. माझ्या मते मोफत लसीचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे.

धोका किती, हे आपल्याला ठाऊक असेलच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात २५ कोटी ४० लाख लोकांना हा दीर्घकालीन संसर्ग होता आणि त्या एका वर्षात सुमारे ११ लाख माणसे या आजाराने गेली. जन्माच्या वेळी किंवा पहिल्या वर्षात संसर्ग झाला तर दहापैकी सुमारे नऊ बाळांमध्ये तो कायमचा राहतो; निरोगी प्रौढांत हे प्रमाण शंभरात पाचाहून कमी. म्हणून जन्मानंतर २४ तासांच्या आत बाळाला डोस द्यायचा. तैवानने १९८४ साली नवजात बाळांना ही लस द्यायला सुरुवात केली आणि पुढे तिथल्या मुलांमधला यकृताचा कर्करोग ठळकपणे घटला. ते काम चालूच राहिले पाहिजे. पण बाई म्हणजे काही फक्त बाळापर्यंत रोग नेणारी वाट नव्हे. यकृत तिचेही सडते, कर्करोग तिलाही होतो, आणि कित्येक वर्षे काहीच न दुखल्यामुळे तिला त्याचा पत्ता लागत नाही.

रुग्णालयात रक्ताने माखलेल्या चादरी उचलणाऱ्या, वापरलेल्या सुया असलेला कचरा गोळा करणाऱ्या बायकांबद्दल तर वेगळे सांगायलाच हवे. हा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस जगतो. कंत्राटावर राबणाऱ्या अशा बाईला स्वतःच्या पगारातून लस घ्यायला सांगणे हा अन्याय आहे. तिची लस कामाचा भाग आहे, तिचा खर्च काम देणाऱ्याने करायचा.

माझे मागणे असे. गरोदरपणातल्या तपासणीत ज्या बाईला संसर्ग नाही आणि जिची लस झालेली नाही, तिला तिथेच पहिला डोस मोफत द्या. पुढचे डोस बाळाच्या लसीच्या दिवशीच द्या, म्हणजे वेगळी खेप आणि त्या दिवसाचा रोज बुडणे, दोन्ही टळेल. मध्ये खंड पडला तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, हे प्रत्येक केंद्रावर स्पष्ट कळवा. उशीर झाला म्हणून बायकांना परत पाठवलेले मी पाहिले आहे. तपासणीत संसर्ग निघाला तर तिच्याशी आडोशाला बोला, रांगेत नाव पुकारून नको. तिच्या नवऱ्याची आणि घरच्यांची तपासणी व लसही मोफत करा. एका ताटात जेवल्याने हा आजार होत नाही, हे तिच्या सासरच्यांना आमच्यापैकी कोणीतरी समोर बसवून सांगितले पाहिजे. त्यासाठी वेळ लागतो, आणि वेळेसाठी माणसे लागतात.

आपल्या खात्याच्या पुढच्या लसखरेदीत प्रौढ स्त्रियांसाठीचे डोस धरले आहेत की नाहीत, एवढे कृपया लेखी कळवावे.

आपली नम्र,
लसीकरण कक्षातील एक परिचारिका