शिंपल्यांच्या तावदानांसाठी कोठार हवे

महोदय,

पणजीच्या फोंताईन्हासमध्ये, वारसा म्हणून जपल्या जाणाऱ्या वस्तीत, आमचे आजोळचे घर आहे. पावसाळ्यानंतर रस्त्याकडची एक खिडकी काढावी लागली. मामीने बोलावलेल्या कंत्राटदाराने वर न बघताच सांगितले, "सगळ्या काढा, सरकत्या काचा घाला." वस्ती राखीव असल्याने परवानगी लागते, हेही त्याला आम्हीच सांगितले.

मग आमच्या जुन्या सुताराने चौकट उन्हात आडवी ठेवली. कुजली होती फक्त खालची पट्टी. तिच्यावर पाणी साचत होते. वरचे सागवान टणक. त्याने कुजका भाग कापून नवा तुकडा सांधला आणि पाणी वाहून जाईल असा उतार दिला. शिंपले मात्र सात फुटले होते. बारीक पट्ट्यांच्या खाचांत सरकवलेले हे पातळ, चौकोनी कापलेले शिंपले दुपारचे ऊन दुधासारखे करून आत सोडतात. काचेला ते जमत नाही.

नवे आणायचे कुठून? हा शिंपला आता वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे आणि ते योग्यच आहे. तो जिथे वाढतो त्या गोव्यातल्या चिखलीच्या खाडीतले जीव वाचलेच पाहिजेत. पण जुनी घरे पाडताना हीच तावदाने डबरासोबत फेकली जातात. ती उतरवून, नोंद करून एका ठिकाणी ठेवावीत आणि दुरुस्ती करणाऱ्यांना द्यावीत, अशी पुरातत्त्व खात्याला माझी कळकळीची विनंती आहे. आमच्या सात चौकोनांत सध्या पुठ्ठा लावला आहे.

— एक वाचक, पणजी