‘व्हिसा संपला’ म्हणजे नेमके काय संपले?

प्रति,
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेत नोकरी करणारे आणि सुट्टीसाठी भारतात आलेले अनेक जण व्हिसाच्या मुलाखती पुढे ढकलल्या गेल्याने डिसेंबर २०२५पासून तिकडेच अडकून पडले आहेत, अशा बातम्या आपल्या दैनिकात मी सातत्याने वाचतो आहे. बातम्या खऱ्या आहेत आणि त्या छापल्याबद्दल आपले आभार. मात्र त्यांतून ‘व्हिसाचे नूतनीकरण’ हा एकच शब्दप्रयोग दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि त्यातून गावाकडच्या घराघरांत जे गैरसमज होतात, ते दूर व्हावेत म्हणून हे पत्र. मी स्वतः १२ वर्षे एच-१बी, म्हणजे परदेशी कुशल कर्मचाऱ्यांसाठी असलेल्या नोकरीच्या व्हिसावर न्यू जर्सीत नोकरी करतो आहे. हा व्हिसा मुळात तीन आणि तीन मिळून सहा वर्षांचा. पण ज्यांच्या ग्रीन कार्डाच्या (कायम वास्तव्याच्या परवान्याच्या) अर्जाचा पहिला मोठा टप्पा मंजूर झाला आहे आणि कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांहून अधिक वाटा न देण्याच्या नियमामुळे जे रांगेत खोळंबले आहेत, त्यांना २०००च्या कायद्यानुसार सहा वर्षांनंतरही मुदतवाढ मिळत राहते. माझ्यासारखे असंख्य भारतीय याच रांगेत आहेत, त्यामुळे मुदतवाढ हा आमच्या घरात दर तीन वर्षांनी येणारा कुळाचारच झाला आहे.

आता त्या दोन गोष्टी. पहिली म्हणजे राहण्याची आणि काम करण्याची परवानगी. तिच्यासाठी अर्ज कर्मचारी करत नाही, कंपनी करते. त्याला इथे सगळे ‘पिटिशन’ म्हणतात. मुदत संपण्याच्या सहा महिने आधीपासून ते दाखल करता येते, आणि वेळेत दाखल झाले असेल तर निर्णय येईपर्यंत, जुनी मुदत उलटल्यानंतरही २४० दिवस, त्याच कंपनीत काम चालू ठेवता येते. मंजुरीचा जो कागद येतो तो आय-७९७, आणि त्याच्याच तळाशी मुक्कामाची नवी तारीख असलेला आय-९४. या साऱ्यासाठी देशाबाहेर पाऊलही टाकावे लागत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे पासपोर्टात चिकटवलेला व्हिसा, ज्याला आम्ही ‘स्टॅम्पिंग’ म्हणतो. तो फक्त दारात विचारला जातो. एकदा आत आल्यावर तो संपला तरी मुक्कामाला धक्का लागत नाही. परंतु एकदा बाहेर पडलात की नव्या शिक्क्याशिवाय परत आत येता येत नाही, आणि तो शिक्का अमेरिकेत मिळत नाही, परदेशातल्या वकिलातीतच घ्यावा लागतो. (काही अटी पाळून कॅनडा किंवा मेक्सिकोत तीस दिवसांपर्यंत राहून जुन्या शिक्क्यावर परतण्याची सोय आहे खरी, पण आमच्या घरची माणसे टोरांटोत राहत नाहीत.)

हा फरक कागदोपत्री वाटेल, परंतु वडिलांच्या वर्षश्राद्धाला मी जाऊ शकलो नाही तो नेमका याच फरकामुळे. “अरे, तुझी मुदत २०२८पर्यंत वाढली म्हणून तूच सांगितलेस ना, मग यायला हरकत काय?” असे माझ्या थोरल्या काकांनी फोनवर विचारले, आणि त्यांचे काही चुकले नव्हते. मुदत वाढली होती. शिक्का संपला होता. श्राद्ध धाकट्या भावाने केले. मी इथे मोबाइलच्या पडद्यासमोर बसून पाहिले. मुलगा परदेशात गेला आणि माणसे विसरला, हे वाक्य आपल्याकडे फार पटकन उच्चारले जाते, आणि काहींच्या बाबतीत ते खरेही असेल, पण ज्यांच्या मनात येण्याचे आहे आणि ज्यांना विमानाचे तिकीटही परवडते, असे बरेच लोक आज केवळ या चौकोनी चिकटपट्टीपायी घरी येत नाहीत, एवढे तरी वाचकांना ठाऊक असावे.

पूर्वी हा धोका बेताचा होता. जुना शिक्का संपून ४८ महिने झाले नसतील तर मुलाखत माफ होई. कागदपत्रे जमा करायची आणि काही दिवसांनी पासपोर्ट घेऊन यायचे. या ‘ड्रॉपबॉक्स’च्या भरवशावर लोक दिवाळी आणि लग्नाचे मुहूर्त ठरवत. फेब्रुवारी २०२५मध्ये ते ४८ महिने १२ वर आले आणि २ सप्टेंबर २०२५पासून एच-१बीसाठी ही सवलत जवळजवळ बंदच झाली. त्याच महिन्यात, अर्जदाराने आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच अर्ज करावा, असा नियम आला आणि तिसऱ्या देशात जाऊन शिक्का घेण्याची वाट बुजली. त्यावर १५ डिसेंबर २०२५पासून एच-१बी आणि त्यांच्यावर अवलंबून असणाऱ्या एच-४ अर्जदारांच्या समाजमाध्यमांवरील खात्यांची तपासणी सुरू झाली. तपासणीला वेळ लागतो, त्यामुळे दिवसाला होणाऱ्या मुलाखती कमी झाल्या, आणि भारतात डिसेंबरअखेरीस ठरलेल्या भेटी थेट मार्च २०२६मध्ये किंवा त्याच्याही पुढे गेल्या.

माझा एक सहकारी तीन आठवड्यांच्या रजेवर पुण्याला गेला होता. बोटांचे ठसे देऊन झाले होते, मुलाखत चार दिवसांवर होती, आणि मग नवी तारीख सांगणारा ईमेल आला. इथे त्याच्या घराचा हप्ता चालू, गाडी विमानतळाच्या वाहनतळावर उभी, मोठ्या मुलीची शाळा सुरू झालेली. भारतात बसून काम करू द्यावे तर ग्राहकाची माहिती देशाबाहेरून उघडायला बंदी, शिवाय दोन्हीकडच्या करांचा प्रश्न, म्हणून कंपनीने आधी शिल्लक रजा आणि मग बिनपगारी रजा असा मार्ग काढला. कंपनीला दोष द्यावा असे मला वाटत नाही. तिनेही यापेक्षा फार वेगळे काय केले असते, हे मला सुचत नाही.

तपासणी करूच नये, असे माझे म्हणणे नाही. कोणाला आत घ्यायचे हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक देशाला आहे. प्रश्न एवढाच आहे की तपासणी चालू असताना माणसाने कुठे असावे. ज्याला त्याच सरकारने २०२८पर्यंत राहायची आणि काम करायची लेखी परवानगी दिलेली आहे, त्याची चौकशी तो आपल्या टेबलावर काम करत असतानाही होऊ शकते. आणि ही माझी कल्पना नव्हे. जुलै २००४पर्यंत एच आणि एल यांसारख्या व्हिसांचे शिक्के अमेरिकेतल्या अमेरिकेत, टपालाने पासपोर्ट पाठवून, नव्याने मिळत असत. व्हिसासाठी बोटांचे ठसे सक्तीचे झाले आणि ते देशांतर्गत घेण्याची सोय परराष्ट्र खात्याकडे नव्हती, या कारणाने ती पद्धत बंद पडली. पुढे जून २०२३मध्ये पंतप्रधान मोदी यांच्या वॉशिंग्टन भेटीत ती पुन्हा आणण्याची घोषणा झाली आणि जानेवारी २०२४च्या अखेरीस २०,००० अर्जांपुरता प्रयोग झाला. भारतात किंवा कॅनडात ठरावीक काळात दिलेले शिक्के असलेल्यांनाच त्यात भाग घेता आला, शुल्क नेहमीचेच २०५ डॉलर होते, आणि ज्यांचे ठसे आधीच नोंदलेले आहेत अशांनाच घेतल्यामुळे २००४ची अडचण उरलीच नाही. एच-४वरच्या जोडीदारांना आणि मुलांना मात्र वगळले होते, म्हणजे नवऱ्याचा शिक्का घरपोच आणि बायकोने त्यासाठी भारतात जावे, असा तो अर्धवट मामला होता. तरीही तो झाला, आणि त्यानंतर त्याचे पुढे काहीच झाले नाही.

याच संदर्भात आणखी एका गोंधळाचा उल्लेख करतो. सप्टेंबर २०२५मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले, तेव्हा आमच्या आईला शेजारणीने सांगितले की आता मुलाला दर तीन वर्षांनी नव्वदेक लाख भरावे लागणार. आई दोन रात्री झोपली नाही. आधीपासून इथे नियमाने राहणाऱ्यांच्या मुदतवाढीला ते शुल्क लागू नाही, हा खुलासा नंतर झाला. पण घोषणा पहिल्या पानावर आणि खुलासा आतल्या पानावर, हे आपल्या दैनिकासह सगळीकडेच घडले, हे नम्रपणे नमूद करावेसे वाटते.

इथे नव्याने आलेल्या वाचकांसाठी एक सूचना, कारण यात भलेभले फसतात. पिटिशन २०२८पर्यंत मंजूर असले तरी परत येताना पासपोर्टची मुदत त्याआधी संपत असेल, तर विमानतळावरचा अधिकारी आय-९४वर पासपोर्टचीच तारीख घालू शकतो. मंजुरीचा कागद कपाटात असतो, शिक्क्यावरची तारीख लांबची असते, आणि मुक्काम मात्र केव्हाच बेकायदा झालेला असतो. असा मुक्काम १८० दिवसांपुढे गेला आणि माणूस देशाबाहेर पडला तर तीन वर्षे परत येण्यास बंदी होते. म्हणून प्रत्येक प्रवासानंतर संकेतस्थळावर आपला आय-९४ काढून पाहावा, आणि पासपोर्टचे वर्ष-दीड वर्ष उरले असेल तर आधी तो नवा करून मगच निघावे.

आपल्या वार्ताहरांना विनंती आहे की ‘मुक्कामाची मुदतवाढ’ आणि ‘प्रवेशाचा शिक्का’ असे दोन वेगळे शब्द त्यांनी वापरावेत. आणि महाराष्ट्रातल्या ज्या खासदारांच्या मतदारसंघांत अशी शेकडो घरे आहेत, त्यांनी लोकसभेत परराष्ट्र मंत्र्यांना दोन प्रश्न विचारावेत: २०२४चा प्रयोग पुन्हा सुरू व्हावा म्हणून अमेरिकेशी काय बोलणे चालू आहे, आणि त्या बोलण्यात एच-४वरची कुटुंबे धरली आहेत की नाहीत.

आपला विश्वासू,
एक वाचक
एडिसन, न्यू जर्सी