शुल्कमाफी झाली, आता मार्गदर्शक ताई हवी

राज्य शासनाने 2024-25 पासून आठ लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना अभियांत्रिकीसह व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क माफ केले. निर्णय मोलाचाच आहे. पण आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यांत मुली त्याच्या कितीतरी आधीच अडतात.

माझी एक विद्यार्थिनी गणितात फार हुशार. कापूस वेचून आल्यावर रात्री वडिलांच्या मोबाइलवर कोडिंग शिकायची. एक दिवस तिने विचारले, "मॅडम, सॉफ्टवेअरवाली बाई दिवसभर काय काम करते जी?" तिने अशी बाई कधी पाहिलीच नव्हती! सीईटीचा अर्ज, कॉलेजांचा पसंतीक्रम, हे सांगणारेही घरात कुणी नाही. शेवटी ती बीएला गेली. मला ते अजून सलते.

नागपूरच्या मिहान या औद्योगिक क्षेत्रातल्या आयटी कंपन्यांत सॉफ्टवेअरचे काम करणाऱ्या कितीतरी तरुणी आहेत. त्यांनी महिन्यातून दोन शनिवार आमच्या शाळांत यावे. त्यांच्या प्रवासाचा आणि मानधनाचा खर्च जिल्हा नियोजन समितीने किंवा कंपन्यांनी सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामांसाठीच्या निधीतून, उचलावा. कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे 2 टक्के त्यासाठी द्यावेच लागतात. नुसते संगणक देऊन भागत नाही. शिकवणारे नसले की खोलीला कुलूपच लागते.

— एक शिक्षिका, दारव्हा (जि. यवतमाळ)